थंडीत डिझेल थिजू नये म्हणून: कोणतं काम कधी करायचं

डिझेल थिजू नये म्हणून काय करायचं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. चुकतं ते कधी करायचं. अ‍ॅडिटिव्हची बाटली आणलेली असते, पण ती टाकीत ओतली जाते गाडी बंद पडल्यावर. फिल्टर बदलायचं ठरलेलं असतं, पण ते काम थंडी सरल्यावरच्या सर्व्हिसिंगवर ढकललेलं असतं. विंटर ग्रेड (थंडीसाठी तयार केलेलं) डिझेल भरलं जातं, पण अर्ध्या टाकीत उरलेल्या उन्हाळी डिझेलच्या डोक्यावर. म्हणून खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. गाडी असो, ट्रॅक्टर असो की जनरेटर, क्रम तोच.

## १. तीन तापमानं ओळखा

डिझेलमध्ये पॅराफिन मेण मुळातच विरघळलेलं असतं. ती भेसळ नव्हे. उलट या मेणामुळे डिझेल चांगलं पेट घेतं. थंडीत मात्र ते वेगळं होऊन त्याचे बारीक स्फटिक बनतात. हे एका क्षणात होत नाही. वाटेत तीन टप्पे लागतात.

क्लाउड पॉइंट: डिझेल पहिल्यांदा ढगाळ दिसू लागतं ते तापमान. इथे मेणाचे स्फटिक बनायला सुरुवात झालेली असते, पण इंजिन अजून चालतं.

सीएफपीपी (कोल्ड फिल्टर प्लगिंग पॉइंट): फिल्टर चोंदण्याचं तापमान. प्रयोगशाळेत २० मिलिलिटर डिझेल ४५ मायक्रॉनच्या जाळीतून हलक्या ओढीने खेचतात. ज्या तापमानाला ते ६० सेकंदांत पार होत नाही, तो अंक नोंदवतात.

पोअर पॉइंट: याच्या खाली डिझेल वाहतच नाही.

गाडी अडते ती बहुधा दुसऱ्या टप्प्यावर. लोक मात्र तिसऱ्याची वाट बघतात. टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च मारतात, डिझेल हलताना दिसलं की म्हणतात, ‘थिजलेलं नाही, दुसरंच काहीतरी आहे.’ टाकीतलं डिझेल हलत असतानाही फिल्टर मेणाने गच्च झालेला असू शकतो.

आणखी एक बारकावा. चाचणीतली जाळी ४५ मायक्रॉनची, पण इंजिनवरचा मुख्य फिल्टर सहसा १० मायक्रॉनपेक्षाही बारीक असतो. त्यामुळे पावतीवर किंवा पंपावर लिहिलेला सीएफपीपीचा अंक म्हणजे हमी नव्हे. मी स्वतः त्या अंकाच्या वर पाच अंशांची मोकळीक धरतो. अंक उणे १५ असेल, तर हवामानाच्या अंदाजात उणे १० दिसलं की सावध व्हायचं.

युरोपातल्या ईएन ५९० मानकात समशीतोष्ण भागासाठी ए ते एफ असे सहा ग्रेड आहेत. त्यांचा सीएफपीपी अधिक ५ पासून पाच-पाच अंशांनी उतरत उणे २० पर्यंत जातो. अति थंड भागासाठी ० ते ४ असे वेगळे वर्ग आहेत, ते उणे २० पासून उणे ४४ पर्यंत. म्हणजे ‘विंटर डिझेल’ हे काही एकाच द्रवाचं नाव नाही. एका ठिकाणचं विंटर डिझेल दुसऱ्या ठिकाणी पहाटेला पुरणार नाही. नाव ऐकून समाधान मानू नका, अंक विचारा.

## २. टाकीत नेमकं काय आहे ते शोधा

थंडी कधी पडली यापेक्षा डिझेल कुठे आणि कधी भरलं, हा प्रश्न जास्त कामाचा. गाडी बंद पडलेल्यांची गोष्ट साधारण सारखीच असते: उबदार ठिकाणी टाकी फुल केली, दिवसभर चालवत थंड प्रदेशात पोचले, रात्री गाडी उघड्यावर लावली. उंची वाढते तसं हवेचं तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. तीन हजार मीटर चढलात की जवळजवळ वीस अंशांचा फरक पडतो, तोही रात्रीची थंडी धरायच्या आधी.

बायोडिझेल मिसळलेलं असेल तर आणखी जपा. पाम तेलापासून केलेलं शुद्ध बायोडिझेल १० अंशांच्या वरच ढगाळायला लागतं, सोयाबीनचं शून्याच्या आसपास. मिश्रणात त्याचा टक्का जितका जास्त, तितकं डिझेल लवकर थिजतं.

शंका असेल तर बाटलीची चाचणी करा. पैसे लागत नाहीत, आणि उत्तर तुमच्याच डिझेलचं मिळतं:

1. स्वच्छ, कोरडी, पारदर्शक काचेची बाटली घ्या. पाऊण भरेल इतकं डिझेल टाकीतून काढा आणि झाकण घट्ट लावा.
2. संध्याकाळी ती गाडीशेजारी, उन्हाच्या तिरीपीत येणार नाही अशा जागी ठेवा. बाजूला थर्मामीटर ठेवा.
3. सूर्योदयाच्या सुमाराला, म्हणजे तापमान सर्वांत खाली असतं तेव्हा, बाटलीमागे छापील कागद धरा.

अक्षरं स्वच्छ वाचता आली तर त्या तापमानाला डिझेल ठीक आहे. अक्षरांच्या कडा पुसट दिसल्या तर क्लाउड पॉइंट ओलांडला. बाटली तिरकी केल्यावर तळाशी साबणाच्या भुग्यासारखा पांढुरका थर हळूच सरकताना दिसला, तर ते डिझेल फिल्टरपर्यंत जाऊ देऊ नका.

तपासा: बाटली उबदार खोलीत आणून तासाभराने पुन्हा बघा. धुरकटपणा गेला आणि तळ स्वच्छ असला तर ते मेण होतं. धुकं तसंच राहिलं किंवा तळाशी गोल थेंब जमले, तर पाणी आहे. पाण्याचा बंदोबस्त पुढच्या पायरीत.

सावधान: ही चाचणी घरातल्या फ्रीजमध्ये करू नका. वाफ कोंडते आणि वास आठवडेच्या आठवडे जात नाही.

## ३. पाणी काढा

‘डिझेल थिजलं’ म्हणून येणाऱ्या तक्रारींमध्ये काही वेळा डिझेलचा काहीच दोष नसतो. टाकीच्या तळाचं पाणी वॉटर सेपरेटरमध्ये (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्यात) येतं आणि तिथे बर्फ होऊन वाट अडवतं. मेणाला अनेकदा उणे तापमान लागतं, पाण्याला शून्य पुरतं. अशा वेळी कितीही चांगलं अँटी-जेल (मेणाला रोखणारं औषध) टाका, बर्फ जागचा हलत नाही.

पाणी येतं कुठून? बहुतेक वेळा हवेतूनच. अर्ध्या रिकाम्या टाकीत हवा असते, रात्री टाकीच्या पत्र्यावर दव धरतं आणि थेंब तळाशी जमतात. म्हणून थंडीत रात्री टाकी शक्यतो भरलेली ठेवा.

सेपरेटर रिकामा करताना:

1. गाडी बंद करून अर्धा तास थांबा. चालत्या गाडीत पाणी घुसळलेलं असतं, ते खाली बसायला वेळ द्या. फार थांबून सगळं गार पडू देऊ नका. पहाटे हा उद्योग करायला गेलात तर बर्फाने धरलेला स्क्रू हातात तुटून येईल.
2. खाली पारदर्शक भांडं धरा आणि ड्रेन स्क्रू दोन-तीन आटे सैल करा.
3. आधी पाणी किंवा गढूळ द्रव येईल. स्वच्छ डिझेलची धार लागली की बंद करा.
4. स्क्रू हाताने आवळा. बऱ्याच गाड्यांत तो प्लॅस्टिकचा असतो, पक्कड लावलीत की आटे गेलेच.
5. हँड प्रायमर (डिझेल पुढे ढकलायचा हातपंप) असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. गाडी चालू करून गळती बघा.

भांड्यात पाणी जास्त निघालं तर दोन दिवसांनी हेच पुन्हा करा. तरीही येत राहिलं तर टाकी उतरवून साफ करावी लागेल. ते थंडीच्या आधीच उरका.

## ४. फिल्टर थंडीच्या तोंडावर बदला

किलोमीटर पूर्ण व्हायचे आहेत म्हणून जुना फिल्टर ठेवणं ही काटकसर महागात जाते. अर्धा चोंदलेला फिल्टर उन्हाळ्यात निभावून नेतो. थंडीत त्याच्या उरलेल्या मोकळ्या छिद्रांवर मेणाचा पातळ थर बसला की काम संपलं. नव्या फिल्टरला तेवढाच थर सहज झेपला असता.

एक बसवा, एक सुटा गाडीत ठेवा. सोबत फिल्टरचा पाना, रबरी हातमोजे, टॉर्च, फडकी आणि बंद डब्यात एक लिटर स्वच्छ विंटर ग्रेड डिझेल. जास्तीचा फिल्टर घेताना त्याची रबर सील सोबत आहे का बघा. ती नसली तर तो फिल्टर असून नसल्यासारखाच.

सावधान: नवा फिल्टर डिझेलने भरून बसवायची जुनी सवय कॉमन रेल (फार मोठ्या दाबाने डिझेल फवारणाऱ्या आधुनिक) इंजिनला घातक ठरू शकते. मधल्या मोठ्या छिद्रातून ओतलेलं डिझेल गाळलं न जाता थेट पंपाकडे जातं. कोरडा फिल्टर बसवून प्रायमरने किंवा इग्निशन चार-पाच वेळा चालू-बंद करून इलेक्ट्रिक पंपाने डिझेल भरा. तुमच्या इंजिनला कुठली पद्धत चालते ते मॅन्युअलमध्ये असतं.

## ५. विंटर ग्रेड भरा, आणि ते इंजिनपर्यंत पोचवा

उत्तम उपाय हाच आहे. बाकी सगळी जुळवाजुळव. रिफायनरीत थंडीसाठी तयार केलेल्या डिझेलची सर बाटलीतल्या औषधाला येत नाही.

पण भरण्याची रीत चुकते. समजा टाकी ६० लिटरची आहे, तीत ३० लिटर उन्हाळी डिझेल आहे आणि तुम्ही वर ३० लिटर विंटर ग्रेड भरलंत. एकाचा अंक शून्य आणि दुसऱ्याचा उणे २०, म्हणून मिश्रण उणे १० ला टिकेल असा हिशेब लोक करतात. सीएफपीपीची अशी सरासरी निघत नाही. उन्हाळी डिझेलमधलं मेण कुठेही गेलेलं नसतं, ते आपल्या वेळेला बाहेर पडतंच. उन्हाळी डिझेल जितकं चालवून संपवता येईल तितकं संपवा, रिझर्व्हच्या जवळ आल्यावर विंटर ग्रेडने टाकी भरा आणि शक्य असेल तर पुढच्या वेळीही तेच भरा.

भरल्यावर गाडी तशीच उभी करू नका. पाइपात, फिल्टरमध्ये, पंपात अजून जुनंच डिझेल आहे. निदान पंधरा-वीस मिनिटं चालवा, म्हणजे नवं डिझेल सगळीकडे फिरेल. रात्री मुक्कामाला पोचताना अगदी दारातल्या पंपावर टाकी भरून गाडी लावणारे इथेच फसतात. टाकीत विंटर ग्रेड, फिल्टरमध्ये उन्हाळी, आणि सकाळी ‘विंटर डिझेल भरलं होतं तरी गाडी बंद’ अशी तक्रार.

तपासा: दुसरी टाकी आहे का? ट्रकला, मोठ्या ट्रॅक्टरला असते. तिचा कॉक उघडून तीही रिकामी करून भरायला हवी.

## ६. अ‍ॅडिटिव्ह: वेळ, मोजमाप, क्रम

विंटर ग्रेड मिळत नसेल किंवा अंदाज त्याच्या अंकाच्याही खाली जात असेल, तर अँटी-जेल अ‍ॅडिटिव्ह. सर्वाधिक चुका याच पायरीवर होतात, म्हणून जरा सविस्तर.

हे औषध मेण विरघळवत नाही. मेणाचे स्फटिक बनताना ते त्यांच्या वाढीत अडथळा आणतं, त्यामुळे मोठे, चपटे, एकमेकांत गुंतणारे स्फटिक न होता लहान होतात आणि फिल्टरमधून निभावतात. यावरून दोन गोष्टी ठरतात. एक, स्फटिक बनून गेल्यावर टाकलेल्या औषधाला करण्यासारखं काही उरत नाही. दोन, क्लाउड पॉइंट सहसा जिथल्या तिथे राहतो, खाली येतो तो सीएफपीपी. अ‍ॅडिटिव्ह टाकूनही बाटलीतलं डिझेल ढगाळ दिसलं म्हणून औषध फुकट गेलं असं समजू नका.

टाकण्याची रीत:

1. दिवसा, डिझेल स्वच्छ असताना टाका. टाकीतलं डिझेल क्लाउड पॉइंटच्या निदान पाच अंश वर हवं. दिवसभर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीतलं डिझेल हवेपेक्षा गार असू शकतं, कारण भरलेली टाकी दुपारच्या उबेला लवकर दाद देत नाही.
2. बाटली केबिनमध्ये उबेत ठेवलेली असावी. गारठलेलं अ‍ॅडिटिव्ह दाट होतं आणि न मिसळता तळाला जाऊन बसतं.
3. लेबलवरचं प्रमाण वाचा आणि मोजून घ्या. १ ला १००० असं लिहिलं असेल तर ६० लिटरला ६० मिलिलिटर. हिशेब टाकीत अखेर जितकं डिझेल होणार आहे तितक्याचा करा, फक्त आत्ता भरताय त्याचा नव्हे.
4. आधी अ‍ॅडिटिव्ह, मग डिझेल. पंपाच्या धारेने ते आपोआप मिसळतं. भरलेल्या टाकीत वरून ओतलेलं औषध नीट मिसळेलच असं नाही.
5. भरल्यावर आधीच्या पायरीसारखीच गाडी चालवा.

‘थोडं जास्त गेलं तर काय बिघडतं?’ हा प्रश्न नेहमीचा. बिघडू शकतं. ठरलेल्या मात्रेपुढे फायदा वाढत नाही, कधी उलट कमी होतो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची औषधं एकत्र टाकणंही टाळा. शिवाय प्रत्येक डिझेल औषधाला सारखी साथ देत नाही. लेबलवर ‘इतके अंश खाली’ लिहिलं असलं तरी ती जास्तीत जास्तची मर्यादा समजा. शंका असेल तर औषध घातलेल्या डिझेलची बाटली साध्या डिझेलच्या बाटलीशेजारी रात्रभर ठेवा आणि सकाळी दोन्ही तिरक्या करून बघा. ढगाळ दोन्ही असतील, पण कुठली सहज वाहते ते कळेल.

गाडी ढगाळ तापमानात दोन-चार दिवस उभी राहणार असेल तर आणखी एक धोका. लहान केलेले स्फटिकही हळूहळू तळाशी बसतात, आणि डिझेल खेचणारा पाइप तळाजवळच असतो. म्हणजे पहिला घोट सगळ्यात मेणकट. लेबलवर मेण खाली बसू न देण्याचा उल्लेख असलेलं अ‍ॅडिटिव्ह अशा वेळी घ्या, नाहीतर गाडी उबेत लावायची सोय बघा.

सावधान: ज्या गाड्यांना डीईएफची (धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रवाची) वेगळी टाकी असते, तिच्यात अ‍ॅडिटिव्ह चुकूनही टाकू नका. डीईएफ उणे ११ अंशांना गोठतं. ते वितळवायची सोय गाडीतच केलेली असते, त्यात बाहेरचं काही घालायचं नसतं.

## ७. रॉकेल आणि पेट्रोल

रॉकेल मिसळल्याने डिझेल खरोखरच उशिरा थिजतं, कारण त्यात जड मेण कमी असतं. क्लाउड पॉइंटसुद्धा खाली येतो, जे अ‍ॅडिटिव्हला जमत नाही. पण किंमत मोजावी लागते. रॉकेलचं वंगण कमी, आणि हाय प्रेशर पंप तर डिझेलच्याच वंगणावर चालतो. साध्या रॉकेलमध्ये गंधकही बरंच असू शकतं, ते डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारक. अनेक देशांत रस्त्यावरच्या वाहनात रॉकेल घालणं कायद्याने बंद आहे. जुन्या साध्या पंपाच्या यंत्राच्या मॅन्युअलमध्ये प्रमाण दिलेलं असेल आणि कायदा आड येत नसेल तरच विचार करा. कॉमन रेलला नाही म्हणजे नाही.

पेट्रोलचं उत्तर एका ओळीत: घालू नका. ‘आमच्या वेळी घालायचे’ हे खरं आहे, पण तेव्हाचे पंप वेगळे होते. शिवाय पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेट घेते, त्यामुळे अख्खी टाकीच धोकादायक होते.

## ८. रात्री गाडी लावताना

- बंद शेड मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर वारा अडेल अशी भिंत. वाऱ्यामुळे डिझेल हवेपेक्षा जास्त गार होत नाही, पण लवकर गार होतं. हवामानाच्या बातमीत ‘उणे १२, पण उणे २० सारखं जाणवेल’ असं सांगितलं तर डिझेलसाठी उणे १२ च धरा.
- टाकीवर किंवा फिल्टरवर कापडी जॅकेट घालणारे समजतात की ऊब मिळते. जॅकेट फक्त असलेली ऊब उशिरा जाऊ देतं. पहाटेपर्यंत सगळं सारखंच गार.
- ब्लॉक हीटर इंजिन गरम ठेवतो, डिझेल नाही. ग्लो प्लगही ज्वलनाची जागा तापवतो, फिल्टरला त्याचा काही उपयोग नाही. डिझेलसाठी वेगळा फिल्टर हीटर किंवा टाकीचा हीटर लागतो. नेहमीच थंडीत वावर असेल तर माझ्या मते फिल्टर हीटरवरचा खर्च सर्वांत सार्थकी लागतो, कारण अडतं ते तिथेच.
- रात्रभर इंजिन चालू ठेवणं हा शेवटचा मार्ग. रिटर्न पाइपातून परतणारं कोमट डिझेल टाकीला थोडी ऊब देतं खरं, पण आयडलिंगला ती फार नसते, आणि डीपीएफ काजळीने भरतो. बंद जागेत तर कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही.

## ९. सकाळी चालू करताना

1. ग्लो प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबा. कडाका असेल तर इग्निशन बंद करून पुन्हा एकदा दिवा लावा.
2. दिवे, पंखा, रेडिओ बंद. सगळी बॅटरी सेल्फला मिळू दे.
3. सेल्फ १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मग दोन मिनिटं विसावा.
4. चालू झाली की लगेच रस्त्यावर पळवू नका. पाच-दहा मिनिटं हलक्या आयडलिंगला राहू द्या, आणि या वेळात गाडीपासून दूर जाऊ नका.

चौथा मुद्दा महत्त्वाचा, कारण थिजलेल्या डिझेलची गाडी सहसा चालू होते. पाइपात आणि फिल्टरच्या पुढे असलेल्या डिझेलवर ती काही मिनिटं छान चालते. मग फिल्टरवर मेण साचतं, उचल मरते, झटके बसतात आणि गाडी बंद. हे गेटच्या आत झालेलं बरं की घाटातल्या वळणावर, ते तुम्हीच ठरवा.

चालू होत नसेल तर दोष कुठे आहे त्याचा साधा अंदाज असा. सेल्फ जड फिरतो: बॅटरी किंवा दाट झालेलं इंजिन ऑइल, डिझेलकडे अजून बघू नका. सेल्फ जोमात फिरतो आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो: डिझेल पोचतंय पण पेटत नाही, ग्लो प्लग तपासा. सेल्फ जोमात, पण धुराचा मागमूस नाही: डिझेल पोचतच नाही. मग पुढची पायरी.

## १०. तरीही थिजलं तर

1. सेल्फ मारणं थांबवा. जितकं खेचाल तितकं मेण फिल्टरमध्ये ओढून बसवाल, वर बॅटरी संपेल.
2. सेपरेटरचा स्क्रू सैल करून काय येतं ते बघा. काहीच आलं नाही तर फिल्टर उतरवा. पिवळट पांढरा, बोटाने सारता येणारा मेणचट लगदा दिसला तर डिझेल थिजलं आहे. कडक, खळखळणारे खडे असतील तर तो बर्फ, आणि मुख्य काम पाणी काढण्याचं.
3. गाडी उबेत न्या. ओढून नेता आली तर गरम केलेली शेड हाच सगळ्यात चांगला उपाय, पण घाई करू नका. एकदा साकळलेलं मेण क्लाउड पॉइंटला परत विरघळत नाही, त्याच्या बरंच वर तापमान जावं लागतं आणि भरलेल्या टाकीला त्याला बरेच तास लागतात.
4. शेड नसेल तर फिल्टरच्या डब्याला आणि पाइपांना गरम पाण्यात पिळलेली फडकी गुंडाळा. वीज असेल तर हेअर ड्रायर. उकळतं पाणी थेट ओतू नका. प्लॅस्टिकचे जोड तडकतात आणि ओघळलेल्या पाण्याचा काही मिनिटांत बर्फ होतो.
5. आणीबाणीत वापरायचं डी-जेलर वेगळं मिळतं. ते साकळलेलं मेण सैल करतं. रोजचं अँटी-जेल त्याच्या जागी चालणार नाही. मात्रा लेबलप्रमाणे.
6. नवा फिल्टर बसवा, प्रायमर मारून एअर काढा आणि चालू करा. पंधरा मिनिटं आयडलिंग, मग हळू चालवत विंटर ग्रेडच्या पंपापर्यंत.

सावधान: टाकीखाली शेकोटी किंवा ब्लो लॅम्प नाही. ‘डिझेल पटकन पेटत नाही’ या भरवशावर हे करतात, पण तापलेल्या डिझेलची वाफ पेटते, आणि गळका पाइप किंवा रबर त्याआधीच पेटलेलं असतं.

सावधान: ग्लो प्लग किंवा इनटेक हीटर असलेल्या इंजिनात ईथरचा स्टार्टिंग स्प्रे मारू नका. तो नको त्या क्षणी पेटतो आणि पिस्टनचं नुकसान होतं.

सावधान: एअर काढण्यासाठी इंजेक्टरचा नट सैल करायची जुनी रीत कॉमन रेलला लावू नका. तिथे दाब हजार बारच्या वर जातो, त्या बारीक धारेने डिझेल कातडीच्या आत शिरतं. तसंच हातमोज्याशिवाय गारठलेल्या डिझेलमध्ये हात घालू नका. उणे १५ अंशांचं डिझेल पातळच असतं, पण बोटं उणे १५ नेच भाजतात.

एकदा थिजून सुटलेल्या गाडीचा फिल्टर पुढच्या आठवड्यात पुन्हा उघडून बघा. मेणासोबत टाकीच्या तळाचा गाळही वर आलेला असतो.

## जनरेटर आणि साठवणीची टाकी

इथे वेगळी अडचण: डिझेल वापरलंच जात नाही. जून महिन्यात भरलेलं डिझेल जानेवारीत तसंच पडून असतं आणि नेमका ज्या रात्री वीज जाते त्या रात्री थिजतं. थंडीआधी साठवणीतलं डिझेल इतर यंत्रांत वापरून संपवा आणि टाकी विंटर ग्रेडने भरा. बदलता येण्याजोगं नसेल तर हवा उबदार असतानाच अ‍ॅडिटिव्ह घालून पंपाने डिझेल निदान एकदा पूर्ण फिरवून घ्या. उभ्या टाकीत ते आपणहून मिसळत नाही. दर महिन्याला तळाचा कॉक उघडून पाणी काढा, आणि जनरेटरची चाचणी दुपारी नव्हे, पहाटे घ्या, निदान अर्धा तास लोड देऊन. फिल्टर चोंदायला लागणारी पाच-दहा मिनिटं त्यात येऊन जातात.